‘उरलेल्यां’चा देश

मॉरिशसच्या राज्यघटनेच्या पहिल्या परिशिष्टात देशातल्या माणसांची चार गटांत वाटणी केली आहे. हिंदू, मुस्लिम, चिनी-मॉरिशियन आणि चौथा ‘जनरल पॉप्युलेशन’. पहिल्या तिघांना धर्माचं किंवा मूळ देशाचं नाव आहे. चौथ्याची व्याख्या अशी की, ज्याच्या राहणीवरून तो पहिल्या तीन गटांपैकी कुठल्याच गटातला दिसत नाही, तो इथला. वजाबाकी करून जे उरतील ते. या उरलेल्यांत आफ्रिकेतून आणि मादागास्करहून साखळदंडांत आणलेल्या गुलामांचे वंशज येतात, आणि त्या गुलामांचे मालक असलेल्या फ्रेंच घराण्यांचे वंशजही येतात. ज्यांच्या हातात चाबूक होता आणि ज्यांच्या पाठीवर तो पडला, त्या दोघांची पतवंडं १९६८च्या घटनेने एकाच रकान्यात बसवली.

हे कागदापुरतं असतं तर सोडून देता आलं असतं. पण त्यावर निवडणूक चालते. संसदेत ६२ सदस्य थेट निवडून येतात आणि आठपर्यंत जागा ‘बेस्ट लूझर’ पद्धतीने, म्हणजे पडलेल्या उमेदवारांपैकी बरी मतं घेतलेल्यांना, जमातींचा तोल सांभाळण्यासाठी देतात. त्यासाठी उमेदवाराने अर्जावर आपली जमात लिहायची. तोल मोजायचा तो १९७२च्या जनगणनेवरून, कारण त्यानंतर जनगणनेत जमात विचारणंच बंद झालं. २०१२ साली संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने ही सक्ती नागरी हक्कांच्या करारात बसत नाही, असा निर्वाळा दिला. मग २०१४च्या निवडणुकीपुरती घटनादुरुस्ती झाली. कायमचा तोडगा त्यातून निघाला नाही.

गुलामगिरीचा वारसा म्हटलं की आपल्याला गरिबी, वर्णद्वेष, जुने साखळदंड मांडलेलं एखादं संग्रहालय आठवतं. मॉरिशसमध्ये हे सगळं आहे. पण मला तिथला सर्वांत चिवट वारसा वेगळ्या जागी दिसतो. ‘तुझा पूर्वज कुठून आला ते सांग, मग तू कोण ते आम्ही सांगतो’ या नियमावर तो देश चालतो. आणि गुलामी म्हणजे मुळात माणसाचा पूर्वज पुसून टाकण्याचा धंदा होता. ज्यांच्याकडून गाव, नाव आणि बापाची ओळख हिसकावून घेतली, त्यांच्याकडेच नंतर गावाचा पुरावा मागायचा, असा हा प्रकार. या नियमाला खतपाणी घालणाऱ्यांत भारत सरकार आहे, आणि तिथल्या मराठी माणसाचं कौतुक करताना आपणही आहोत.

बेटावर मूळचं कोणीच नाही, ही मॉरिशसची खरी गंमत. सगळेच बाहेरून आलेले. १५९८ साली डच उतरले तेव्हा तिथे माणूस नव्हता. १६३८मध्ये त्यांनी वसाहत केली, मादागास्करहून गुलाम आणले, आणि १७१० साली कंटाळून निघून गेले. मग फ्रेंच आले. १७३५मध्ये ला बूर्दोने गव्हर्नर झाला. राजधानी पोर्ट लुईचं बंदर, गोदामं, रुग्णालय त्याने उभं केलं असं शाळेत शिकवतात. दगड वाहणारे हात गुलामांचे होते. मॉरिशस आणि शेजारची बेटं मिळून झालेल्या मास्करीन बेटांसाठी १७२३ साली काढलेल्या फर्मानात गुलाम म्हणजे मालकाची जंगम मालमत्ता होती. पळाल्यास कान कापायचा, पुन्हा पळाल्यास पायाची शीर तोडायची, तिसऱ्या वेळी मृत्युदंड. अठराव्या शतकाच्या अखेरीस बेटावर साठेक हजार माणसं होती आणि त्यांतली पन्नास हजारांच्या आसपास गुलाम होती. दहातले आठ जण गुलाम असलेल्या बेटावर गुलामांचे वंशज ‘उरलेले’ कसे ठरतात, हा प्रश्न इथेच मनात टोचायला लागतो.

१८१०मध्ये इंग्रजांनी बेट जिंकलं, पण फ्रेंचांचे कायदे, भाषा आणि मालमत्ता यांना हात लावायचा नाही असं कबूल करून. ब्रिटिश साम्राज्यात गुलामांचा व्यापार बेकायदा झाला होता तरी इथे तो चोरून पुढे बरीच वर्षं चालला. १८२५ साली मॉरिशसच्या साखरेवरची इंग्लंडमधली जादा जकात गेली आणि सगळं बेट उसाखाली जाऊ लागलं. १८३२ साली जॉन जेरेमी नावाचा गुलामगिरीविरोधी अधिकारी लंडनहून मुख्य सरकारी वकील म्हणून आला, तर मळेवाल्यांनी बाजारपेठा बंद पाडून त्याला परत घालवलं. या मळेवाल्यांचा पुढारी आद्रियाँ देपिने. त्याचा पुतळा पोर्ट लुईच्या कंपनी बागेत उभा आहे. २०२०मध्ये जगभर असे पुतळे हलवण्याची मागणी झाली तेव्हा याचंही नाव निघालं.

१ फेब्रुवारी १८३५ला गुलामगिरी कायद्याने संपली. नुकसानभरपाई मिळाली, ती मालकांना. ब्रिटिश सरकारने सगळ्या साम्राज्यासाठी दोन कोटी पौंड ठेवले होते, त्यांतले वीस लाखांहून अधिक एकट्या मॉरिशसच्या वाट्याला आले. त्यांतला एक पैसा सुटलेल्या माणसाला मिळाला नाही. उलट ‘उमेदवारी’च्या नावाखाली १८३९च्या मार्चअखेरपर्यंत त्याने जुन्या मालकाकडेच राबायचं होतं. मालकांनी भरपाईचे पैसे साखर कारखान्यांत आणि जमिनीत घातले. आणि मजूर? ते आधीच वाटेवर होते. २ नोव्हेंबर १८३४ला ‘अ‍ॅटलास’ जहाजातून ३६ हिंदी मजूर पोर्ट लुईला उतरले, म्हणजे गुलाम सुटायच्या तीन महिने आधी.

या तारखांचा क्रम आपण फारसा बोलून दाखवत नाही. गिरमिटिया, म्हणजे मुदतीच्या करारावरचे, मजूर आणले गेले तेच मुळी सुटलेल्या गुलामाला मजुरीची घासाघीस करता येऊ नये म्हणून. यात त्या मजुराचा दोष काडीचाही नव्हता. पण त्याच्या येण्याने मळेवाल्याचं भागलं आणि कालचा गुलाम नकोसा झाला. तो मळा सोडून डोंगरउतारावर, समुद्रकाठी, ओसाड जागी जाऊन राहिला, मासे मारू लागला, कुणी सुतार-गवंडी झाला. काहींनी त्या वर्षांत पै पै साठवून जमिनीचे छोटे तुकडे घेतले, पण पुढच्या पिढ्यांत त्यांतले बरेच तुकडे हातचे गेले. कधी कागद नव्हते म्हणून, कधी कागद होते आणि ते वाचता येत नव्हते म्हणून. १८८०नंतर साखरेचे भाव पडल्यावर मळेवाल्यांनी कडेच्या जमिनी तुकडे पाडून विकायला काढल्या. त्या घेतल्या बहुतांशी हिंदी लोकांनी, बायकांचे दागिने मोडून, पोटाला चिमटा घेऊन. त्या जमिनीतून शिक्षण आलं, शिक्षणातून सरकारी नोकरी, नोकरीतून राजकारण. ही गोष्ट अभिमानाने सांगावी अशीच आहे. फक्त ती सांगताना शेजारच्या किनाऱ्यावरच्या माणसाला ही पायरी का मिळाली नाही, तेही सांगावं लागेल. ‘त्यांना बचतीची सवयच नाही’ हे उत्तर मॉरिशसमध्ये सर्रास ऐकू येतं आणि आपल्याकडच्या ‘त्यांना कष्टच नकोत’ची आठवण करून देतं.

आता पूर्वजांच्या कागदांकडे वळू. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत गिरमिटिया मजुरांच्या नोंदवह्या जपल्या आहेत. प्रत्येकाला क्रमांक, त्यापुढे नाव, बापाचं नाव, वय, जात, गाव, जिल्हा, जहाज. १८६०च्या दशकापासून फोटोसुद्धा. हे सगळं मजुराच्या भल्यासाठी केलेलं नव्हतं. पळाला तर पकडता यावा म्हणून केलेलं होतं. पण आज त्याच वहीच्या जोरावर मॉरिशसमधला एखादा मराठी शिक्षक रत्नागिरी जिल्ह्यातलं आपलं गाव शोधत येतो. गुलामांच्या वह्याही आहेत. त्यांत मालकाने ठेवलेलं नाव, वय, काम आणि उगम. उगमापुढे ‘मोझांबिक’ किंवा ‘मालगाश’, म्हणजे मादागास्करचा. मोझांबिक म्हणजे मोझांबिकच असंही नाही. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरून आलेले मकुआ, याओ, मकोंदे सगळे त्या एका नावाखाली ढकललेले. गाव नाही, बाप नाही. भारताने परदेशस्थ भारतीय नागरिकत्वाचं कार्ड, जे इतरांना चौथ्या पिढीपर्यंत मिळतं, ते मार्च २०२४मध्ये मॉरिशसच्या भारतीय वंशीयांना सातव्या पिढीपर्यंत खुलं केलं. सातव्या पिढीपर्यंतचा पुरावा! क्रेओल माणसाकडे, म्हणजे गुलामांच्या वंशजाकडे, आजोबांच्या आजोबांचं फ्रेंच नाव असलं तरी पुष्कळ.

आणि त्यात एक मोठी विसंगती आहे, जी मला या सगळ्या विषयाचा गाभा वाटते. मॉरिशसमध्ये गुलाम म्हणून आलेले सगळेच आफ्रिकी नव्हते. अठराव्या शतकात फ्रेंच जहाजांनी पाँडिचेरी, चंद्रनगर आणि मलबार किनाऱ्यावरून हजारो हिंदी माणसं विकत घेऊन या बेटांवर नेली. फर्मानाप्रमाणे त्यांचा बाप्तिस्मा झाला, नवी नावं मिळाली, आफ्रिकी आणि मालगाशी गुलामांशी सोयरीक झाली. त्यांची मुलंबाळं आज ‘जनरल पॉप्युलेशन’मध्ये आहेत. म्हणजे १७४० साली बेड्यांत आलेल्या हिंदी माणसाचा वंशज क्रेओल, आणि १८४३ साली अंगठा उठवून आलेल्याचा वंशज हिंदू, तमिळ किंवा मराठी. एकाला आपण रक्ताचा म्हणतो, दुसऱ्याची आपल्याला आठवणही नाही. दोघांत फरक आहे तो राजवटीने त्यांची नोंद कशी केली एवढाच.

पश्चिम किनाऱ्यावरच्या आपल्या लोकांनी तर आणखी खोल पाहायला हवं. मॉरिशसला गुलाम पुरवणारं एक मुख्य ठाणं पोर्तुगीज मोझांबिक होतं, आणि त्याचा कारभार १७५२पर्यंत गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चाले. सोळाव्या शतकात गोव्यात आलेल्या युरोपीय प्रवाशांनी तिथल्या भर रस्त्यावरचा माणसांचा लिलाव पाहून लिहून ठेवला आहे. मोझांबिकच्या व्यापारात दीव-दमणच्या वाण्यांचं भांडवल होतं. गुजरातेतलं कापड तिकडे जाई, त्याच्या बदल्यात हस्तिदंत येई आणि माणसंही. ला बूर्दोनेच्या काळात मोझांबिकहून मॉरिशसला गेलेल्या गुलामांच्या कागदावर शिक्का गोव्याच्या राजवटीचा असणार. हिंदी महासागरातल्या गुलामगिरीत हिंदी माणूस विकला गेला, हिंदी भांडवलावर माणसं विकली गेली, आणि शेवटी हिंदी मजूर गुलामाच्या जागी उभा केला गेला. ‘आम्हीही सोसलंय’ एवढंच वाक्य आपण उचलतो, ते यातलं सोयीचं वाक्य आहे.

अर्थात सोसलं होतंच. एक दिवस गैरहजर राहिल्यास दोन दिवसांची मजुरी कापायची, हा तिथला प्रसिद्ध ‘डबल कट’. १८६७च्या कायद्याने जुन्या मजुराला फोटो लावलेला परवाना गळ्यात बाळगल्यासारखा सतत जवळ ठेवावा लागे, नसला तर भटक्या म्हणून तुरुंग. छळ इतका वाढला की १८७२ साली शाही आयोग नेमावा लागला. १८४० साली खुद्द ब्रिटिश वसाहतमंत्री लॉर्ड रसेल यांनीच ही नव्या प्रकारची गुलामगिरी ठरेल अशी भीती बोलून दाखवली होती. तरीही मजुराच्या करारावर मुदत होती आणि त्याच्या पोटी जन्मलेलं मूल मळेवाल्याच्या मालकीचं होत नव्हतं. त्याने आणलेला देव, ढोलकी, गाणं त्याच्याजवळ राहिलं. कोकणातून गेलेल्यांनी गणपती नेला, जाखडी नेली, आणि आज मॉरिशसमध्ये गणेश चतुर्थीला सरकारी सुट्टी असते. गुलामाला एकही सण बरोबर नेता आला नाही. त्याने जे केलं ते तिथेच, नव्याने, शून्यातून केलं.

त्या शून्यातून काय आलं ते पाहा. पहिली गोष्ट भाषा. मालकाच्या फ्रेंचमधून, मालगाशी आणि बांटू भाषांच्या वळणांतून क्रेओल तयार झाली, आणि नंतर आलेल्या प्रत्येकाने ती उचलली. भोजपुरी मजुराने, तमिळ कारागिराने, चिनी दुकानदाराने, कोकणातल्या मराठ्यानेही. २०११च्या जनगणनेत सुमारे ८४ टक्के लोकांनी घरची भाषा म्हणून क्रेओल सांगितली. मॉरिशसमधलं मराठी मूल शाळेत मराठी शिकतं ते ‘पूर्वजांची भाषा’ म्हणून. आईशी भांडतं ते बहुधा क्रेओलमध्ये. देश एकमेकांशी बोलतो ती भाषा गुलामांनी घडवलेली आहे. पण घटनेच्या ४९व्या कलमात संसदेची भाषा इंग्रजी ठेवली, फ्रेंचमध्ये बोलायची मुभा दिली. सगळ्यांना येणारी भाषा घटना लिहिणाऱ्यांना सुचली नाही. प्राथमिक शाळांत हिंदी, उर्दू, तमिळ, तेलुगू, मराठी, चिनी शिकवतात. त्या तासाला क्रेओल मुलांनी २०१२पर्यंत काय करायचं? पूर्वजांची भाषाच नाही म्हटल्यावर वेगळ्या वर्गात बसायचं. क्रेओल हा शाळेतला ऐच्छिक विषय झाला २०१२ साली, स्वातंत्र्यानंतर ४४ वर्षांनी. आणि तोही या यादीतली आणखी एक ‘पूर्वजांची भाषा’ असल्यासारखा, एका जमातीच्या वाट्याला आलेला. सगळ्या देशाच्या भाषेला एका गटाची भाषा करून ठेवणं हा मला उपकाराच्या वेषातला अपमान वाटतो.

दुसरी गोष्ट सेगा. रात्री शेकोटीभोवती, बकरीचं कातडं लावलेल्या रावानच्या तालावर, पाय जमिनीवरून न उचलता घसटत केलेला नाच. वाजवण्याआधी रावान आगीवर धरून शेकतात, तेव्हा कातडं ताणतं आणि आवाज उघडतो; ज्यांनी डफ किंवा दिमडी शेकताना पाहिली आहे त्यांना हे समजावून सांगायला नको. मालकांना आणि पाद्र्यांना हा नाच असभ्य वाटे. साठच्या दशकात ल मॉर्न डोंगराच्या पायथ्याशी झालेल्या सेगाच्या रात्रीत ‘ती फ्रेर’ या म्हाताऱ्या गायकाला सेगाचा राजा म्हणून डोक्यावर घेतलं, आणि प्रतिष्ठितांच्या घरांत सेगा शिरला. २०१४ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीतही तो गेला. आज किनाऱ्यावरच्या हॉटेलांत रोज संध्याकाळी पाहुण्यांसाठी घेरदार रंगीत घागऱ्यांचा सेगा असतो, आणि हिंदूंच्या लग्नातही जेवणं उरकल्यावर सेगाच वाजतो. नाच सगळ्यांनी घेतला. नाचणाऱ्याची वस्ती मात्र पर्यटकाच्या गाडीच्या वाटेवर येत नाही. लावणीचा महोत्सव आणि लावणी करणाऱ्या बाईचं घर यांतलं अंतर ठाऊक असलेल्या मराठी वाचकाला याचंही नवल वाटणार नाही.

ल मॉर्नचा उल्लेख आला म्हणून थोडं थांबतो. बेटाच्या नैर्ऋत्य टोकाला समुद्रात घुसलेला हा साडेपाचशे मीटर उंचीचा काळा कातळ. पळालेले गुलाम त्याच्या गुहांत लपत. १८३५मध्ये शिपाई मुक्तीची बातमी सांगायला वर चढले, गुलामांना वाटलं पकडायला आले, आणि त्यांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी कथा आहे. ती तशीच घडली याला कागदाचा आधार नाही. तरी सगळं मॉरिशस ती सांगतं, आणि २००८ साली या डोंगराला जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. पायथ्याला आलिशान हॉटेलं आहेत. तिथल्याच त्रू शनी वस्तीतून विसाव्या शतकात गुलामांच्या वंशजांना उठवलं गेलं, हे मात्र दंतकथेइतकं कुणाला पाठ नाही. मेलेल्या गुलामाला डोंगर मिळतो, जिवंत वंशजाला जागा मिळत नाही.

इथे क्रेओल समाजालाही एक प्रश्न विचारायला हवा. उजळ कातडीचे, फ्रेंच बोलणारे, शिकलेले क्रेओल पिढ्यान्‌पिढ्या स्वतःला गोऱ्यांच्या जवळचे समजत आले. ‘ती क्रेओल’ (‘ती’ म्हणजे छोटा), म्हणजे काळा, गरीब, कोळी किंवा गोदीवाला, त्यांनी कधी आपला मानला नाही. १९६७च्या निवडणुकीत ४४ टक्के मतं स्वातंत्र्यवादी आघाडीच्या विरोधात पडली. त्यांत हिंदूंच्या राज्याची भीती घातलेले क्रेओल मोठ्या संख्येने होते. त्यांचा नेता गाएताँ द्युव्हाल स्वतःला ‘किंग क्रेओल’ म्हणवून घेई आणि बाजू मात्र साखरमालकांच्या पैशाने चाललेल्या पक्षाची मांडी. स्वातंत्र्यानंतर ज्यांना जमलं ते ऑस्ट्रेलियाला गेले. मागे राहिले ते ज्यांना जमलं नाही ते. त्यांच्या हलाखीला १९९३मध्ये रॉजर सेर्व्हो या क्रेओल पाद्र्याने तोंड फोडलं, आणि ‘मालेझ क्रेओल’, म्हणजे क्रेओलांची अस्वस्थता, हा शब्दप्रयोग रूढ झाला.

फेब्रुवारी १९९९मध्ये ते उघड्यावर आलं. काया हा सेगा आणि रेगे मिसळून ‘सेगे’ गाणारा गायक. गांजावरची बंदी उठवावी या मागणीच्या मैफलीत गांजा ओढला म्हणून त्याला पकडलं आणि २१ फेब्रुवारीला तो पोलिस कोठडीत मेलेला सापडला. पुढचे काही दिवस बेट जळत होतं. आनंदी, बहुरंगी, सगळे धर्म गुण्यागोविंदाने नांदणाऱ्या स्वर्गाची जाहिरात त्या आठवड्यात फाटली.

दहा वर्षांनी सत्य आणि न्याय आयोग नेमला गेला, अध्यक्ष दक्षिण आफ्रिकेचे अ‍ॅलेक्स बोरेन. १६३८पासून आजपर्यंतच्या गुलामगिरीचा आणि गिरमिटीचा परिणाम तपासायचा, एवढं लांबलचक काम. २०११च्या नोव्हेंबरात अहवाल आला. जमीन हडपल्याच्या शेकडो तक्रारी आयोगापुढे आल्या होत्या. कुणाच्या आजोबांची जमीन साखरमळ्यात गेलेली, कुणाची खोट्या खरेदीखताने. ही या अहवालातली सर्वांत गैरसोयीची बाब होती, कारण पूर्वजांचा सन्मान करायला पैसे फारसे लागत नाहीत, पण जमीन परत करायची म्हटलं की आजच्या सातबाऱ्यावरचं नाव बदलावं लागतं. संग्रहालयाची शिफारस त्यामानाने सोपी. तीही २०२३पर्यंत रखडली. पोर्ट लुईच्या त्रू फाँफारों भागात ला बूर्दोनेच्या काळातल्या लष्करी रुग्णालयाच्या दगडी इमारतीत आता गुलामगिरीचं संग्रहालय आहे. त्याच्या शेजारीच आप्रवासी घाट, ज्याच्या सोळा पायऱ्या चढून गिरमिटिये बेटावर आले. घाटाला जागतिक वारशाचा मान २००६मध्येच मिळालेला. भारतातून गेलेला प्रत्येक पाहुणा घाटावर फुलं वाहतो. तिथून गुलामांच्या इमारतीपर्यंत चालत जायला फार वेळ लागत नाही.

या सगळ्यावर तिथल्या मराठी माणसाची एक हरकत मला खरी वाटते. मराठी तिथे लोकसंख्येच्या दोनेक टक्के. हिंदी भाषक बहुसंख्येत आधीच अंग चोरून राहायचं, आणि आता क्रेओल ही राष्ट्राची ओळख ठरवली तर मराठीचं काय? सरकारी शाळेतला मराठीचा तास, मराठी युनियन, सुट्टी, हे सगळं ‘पूर्वजांच्या संस्कृती’च्या चौकटीमुळेच टिकलं आहे. चौकट काढली की आधी लहान मरणार. ही भीती पोकळ नाही. छोट्या भाषांचा इतिहास तिच्या बाजूने आहे. पण चौकटीनेही मराठी घरात राहिलेली नाही, ती वर्गात आणि उत्सवात राहिली आहे. संसदेत क्रेओल बोलली गेल्याने गणपतीची आरती बंद पडत नाही. मराठीला शाळेत जागा हवी ती ज्याला शिकायची आहे त्याला शिकता यावी म्हणून, मग ते मूल क्रेओल घरातलं असो. ‘तुझे पूर्वज मराठी आहेत म्हणून तू इथे बस आणि तुझे कोणीच नाहीत म्हणून तू बाहेर’, ही वर्गाची मांडणी मराठीला जगवते असं मला वाटत नाही.

बेस्ट लूझरबद्दलही असंच. तिचं समर्थन करणारे मुस्लिम नेते सांगतात की अल्पसंख्याकांना तेवढाच आधार आहे, आणि स्वातंत्र्याच्या वेळी तो आधार त्यांनी झगडून मिळवला. आधार द्यावा. पण ज्या पद्धतीत ‘जनरल पॉप्युलेशन’ची जागा किनाऱ्यावरच्या कोळ्याच्या मुलीला मिळाली काय आणि साखरमालकाच्या नातवाला मिळाली काय, हिशेब सारखाच जुळतो, ती पद्धत गुलामांच्या वंशजांचं रक्षण करते असं म्हणू नये.

हिंदी महासागरातल्या चागोस बेटांचं उदाहरण ताजं आहे. त्या बेटांवरच्या नारळबागांत राबवलेल्या गुलामांचे वंशज तिथलेच झाले होते. दिएगो गार्सियावर अमेरिकी तळ हवा म्हणून १९६८ ते १९७३च्या दरम्यान ब्रिटनने त्या सगळ्यांना उचलून मॉरिशस आणि सेशेल्सच्या धक्क्यांवर आणून सोडलं. मॉरिशसमध्ये ते पोर्ट लुईच्या झोपड्यांत राहिले, क्रेओलांमधलेही तळाचे. २०१९मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं मत मॉरिशसच्या बाजूने आलं, मे २०२५मध्ये ब्रिटन-मॉरिशस करारावर सह्या झाल्या. सार्वभौमत्वाची बोलणी दोन सरकारांनी केली. आम्हाला कुणी विचारलं नाही, अशी तक्रार अनेक चागोशियन करत राहिले.

राहता राहिला आपला वाटा. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेत काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना अर्पण केलं. पुण्यात बसलेल्या माणसाला अटलांटिकपलीकडचा गुलाम आपल्या प्रश्नाचा भाग वाटला होता. आज आपण मॉरिशसला जातो ते आपली माणसं भेटायला. २०२३ साली मोका इथे महाराष्ट्र भवनात शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं, भाषणं झाली, ‘सातासमुद्रापार जपलेली मराठी’ वगैरे मथळे आले. पुतळ्याला माझा विरोध नाही. पण भारताकडून जे जे तिथे जातं, भवन, कार्ड, शिष्यवृत्ती, सांस्कृतिक केंद्र, ते सगळं एकाच पारड्यात पडतं, आणि दुसऱ्या पारड्यात टाकायला मोझांबिककडे किंवा मादागास्करकडे काही नाही. ज्या देशात माणसाचं वजन त्याच्या मूळ देशावरून ठरतं, तिथे बलाढ्य मूळ देशाने निरागस राहून चालत नाही.

भारताला करण्यासारखं एक काम अगदी साधं आहे. पणजीच्या पुराभिलेखागारात पोर्तुगीज राजवटीचे सोळाव्या शतकापासूनचे कागद आहेत, आणि मोझांबिक गोव्याच्या कारभारात असल्यामुळे तिकडचा पत्रव्यवहारही त्यात आहे. तो धुंडाळून, माणसांच्या खरेदी-विक्रीच्या आणि जहाजांच्या जितक्या नोंदी सापडतील तितक्यांच्या प्रती त्रू फाँफारोंच्या संग्रहालयाला देण्याचा करार दोन्ही सरकारांना करता येईल. एखाद्या क्रेओल घराला त्यातून गाव सापडेलच असं नाही, जहाजाचं नाव कदाचित सापडेल. खर्च एका भवनाहून कमीच येईल, आणि जुनी पोर्तुगीज वाचू शकणारे लोक गोव्यात अजून आहेत.